बाबा, त्या दिवशी हात झटकला त्याबद्दल

आई, बाबा,

फोनवर हे काढलं की आई रडते आणि बाबा तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहितोय.

आडगावजवळ ट्रकखाली पाय सापडला ते मला आठवतच नाही. डॉक्टरांनी नंतर समजावलं, चिरडलेल्या स्नायूतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि किडनीला ते झेपत नाही, म्हणजे पाय वाचला पण किडन्या बंद पडल्या, मग फुफ्फुसं, मग व्हेंटिलेटर, मग गळ्याला भोक पाडून नळी, एक दिवसाआड डायलिसिस. बाकी सगळं मला बाबांच्या खिशातल्या डायरीतून कळलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट चालत नसली की रक्तात वाढतं ते, ७.८, लघवी ४० मिली. कितीतरी पानं तसंच. मग एक दिवस लघवी ३०० मिली आणि त्याखाली तुम्ही दोन रेघा मारल्यात. त्या रेघांवरून मी कितीदा बोट फिरवलं असेल.

पण बोलायचंय ते हाताचं. अर्धवट शुद्धीत मला वाटायचं मी नाशिकला रामकुंडावर पडलोय, गंगेला, आपल्या गोदावरीला, पूर आलाय, पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलंय, मॉनिटर वाजला की वाटायचं धरणातून अजून पाणी सोडलं, आणि माझे हात बांधलेत. हात खरंच बांधलेले होते, मी नळी ओढू नये म्हणून. समोर मास्क लावून तुम्ही उभे, म्हणजे तुम्हीच बांधले हे डोक्यात पक्कं बसलं. नळीमुळे आवाज निघत नव्हता, म्हणून तुम्ही हात धरलात तेव्हा झटकला आणि तोंड फिरवलं.

बाबा, याला डेलिरियम म्हणतात. व्हेंटिलेटरवरच्या खूप पेशंटना होतो, झोपेची औषधं, इन्फेक्शन, रक्तात साचलेला युरिया, रात्रंदिवस लाइट, सगळ्याने मेंदू गोंधळतो. मनात तुमच्याबद्दल कधीच काही नव्हतं हो. आई म्हणाली, त्यानंतर तुम्ही काचेतूनच बघून जायचात, मी चिडू नये म्हणून. ते ऐकल्यापासून झोप नीट लागत नाहीये. आणि तरी त्या आठवड्यातलं डायरीचं एक पान कोरं नाही.

तब्येत चांगली आहे. परवाचं क्रिएटिनिन १.१ आलं, डायरीत लिहून ठेवा. बेडच्या काठावर पहिल्यांदा बसवलं तेव्हा मान धरवत नव्हती, आता वॉकरशिवाय चालतो, जिन्यात मात्र दोनदा थांबावं लागतं.

रविवारी येतोय. आई, भाकरी कर, बाकी काही नको. बाबा, संध्याकाळी आपण गंगेवर जाऊ. घाटाच्या पायऱ्या उतरताना मला अजून आधार लागतो, हात तुम्ही धरा.

तुमचा,
दादू