फ्रेंचचे प्रेम कानापासून सुरू व्हावे

महोदय,

परदेशी माणसांना वाटणाऱ्या फ्रेंचच्या ओढीवरील रविवार पुरवणीतला लेख आवडला. चीनमध्ये जन्मलेले लेखक फ्रांस्वा चेंग २००२ साली फ्रेंच अकादमीवर, म्हणजे फ्रेंच भाषेची जपणूक करणाऱ्या फ्रान्समधील मानाच्या संस्थेवर, निवडून गेले, इतकी ही ओढ खोल जाऊ शकते. मात्र आपल्याकडे अकरावीत गुणांसाठी घेतलेली फ्रेंच वहीतच राहते, कारण ती आधी डोळ्यांनी शिकवली जाते.

चुका ठरलेल्या असतात. ‘चांगला’ या अर्थाच्या ‘बों’मध्ये स्वर नाकातून सोडून थांबायचे असते. मराठी जीभ सवयीने ‘न’ उच्चारते आणि शब्द ‘बॉन’, म्हणजे स्त्रीलिंगी होतो. कोकणी बोलणाऱ्यांना हा अनुनासिक स्वर घरचाच आहे. दुसरी अडचण अधिक चिवट. ‘वर’ आणि ‘खाली’ यांसाठीच्या फ्रेंच शब्दांत फरक फक्त शेवटच्या स्वराचा. दोन्हीकडे आपण ‘ऊ’च म्हणतो, मग ऐकणाऱ्याने काय समजावे? ओठ ‘ऊ’सारखे गोल ठेवून आत जीभ ‘ई’च्या जागी नेली, की ‘वर’साठीचा स्वर अचूक निघतो.

पहिले सहा आठवडे पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून रोज पंधरा मिनिटे केवळ ऐकणे आणि मोठ्याने म्हणणे शाळा-महाविद्यालयांनी सुरू करावे. तोंडी परीक्षेलाही लेखीइतकेच गुण हवेत.

— फ्रेंचच्या एक शिक्षिका, पुणे