आर. के. नगरातल्या घराबद्दल

कोल्हापूर

चि. सागर यास अनेक आशीर्वाद.

काल तुझे बाबा आणि मी घर बघून आलो. आम्हाला पसंत आहे. पंचगंगेपासून लांब असल्यानं २०१९ किंवा २०२१ सारखं पुराचं पाणी शिरायची धास्ती नाही. पण एजंटाचं म्हणणं असं, की मालकाला दहा लाख द्या, नोटरीकडं साठेखत (पुढं विकण्याचा नुसता करार) आणि कुलमुखत्यारपत्र करून घ्या, कर्ज त्यांच्याच नावावर राहू दे, हप्ते तेवढे तुम्ही भरत जा. त्याला माझी साफ ना आहे.

अमेरिकेत असे व्यवहार होतात म्हणालास. होतात. पण तिथंही मालकी बदलली की सगळं कर्ज एकदम मागायची अट करारात असते, आणि १९८२च्या कायद्यानं त्या अटीला बळच दिलंय. हप्ते वेळेवर येत असतील तर बँक बहुधा डोळेझाक करते, एवढंच. शिवाय तिथं खरेदीखत तरी घेणाऱ्याच्या नावानं होतं. तुझ्या हातात काय येणार? साठेखत आणि मुखत्यारपत्रानं मालकी मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०११ मध्येच सांगितलंय.

आणखी एक. फाटकाशेजारच्या भिंतीवर फाडलेल्या कागदाचा कोपरा अजून चिकटून आहे. सगळी नोकरी कर्ज विभागात गेली, त्यामुळं माझी नजर आधी तिथंच गेली. ‘१३(४)’ एवढं वाचता आलं. थकलेल्या कर्जाचं तारण बँकेनं ताब्यात घ्यायचं सरफेसी कायद्यातलं कलम ते. म्हणजे खातं एनपीए, थकीत, झालंय, साठ दिवसांची नोटीसही उलटून गेलीय आणि बँकेनं निदान कागदोपत्री ताबा घेतलाय. एजंट यातलं काहीच बोलला नाही. ती साठ दिवसांची नोटीस लागू झाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय मालकाला घर विकता येत नाही. आणि तू हप्ते कसले भरणार? बँकेनं सगळी बाकीच एकरकमी मागितलीय. तू महिन्याला भरत राहशील आणि तिकडं लिलावाची जाहिरात निघेल.

मला जास्त घोर आहे तो फौंड्रीचा. मालकाचा शिरोलीला कारखाना आहे म्हणतोस ना? मग हेच घर कारखान्याच्या कॅश क्रेडिटलाही, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जालाही, तारण असू शकतं. घराचं कर्ज तू फेडलंस तरी बँक मूळ कागद सोडणार नाही, कारण दुसऱ्या खात्याची बाकी तशीच उभी. हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून प्रॉपर्टी कार्डावरचा बोजा बघ, सब-रजिस्ट्रारकडं जुन्या नोंदींचा सर्च काढ आणि सेरसाईवरही, म्हणजे तारणांच्या केंद्रीय नोंदवहीतही, तपास. कोणकोणत्या खात्यांना घर तारण आहे, हे बँकेकडून लेखी घे.

व्यवहार सोडून दे असं मी म्हणत नाही. लिलावाची जाहिरात निघायच्या आत पूर्ण बाकी भरली तर घर सुटतं. तेव्हा मालकाला बरोबर घेऊन शाखेत जा, व्याज-खर्चासह बाकीचं पत्र माग, तुझ्या बँकेचा चेक थेट त्यांच्या कर्जखात्यात जाऊ दे. संमतीपत्र मिळालं की रीतसर खरेदीखत. उरलेली रक्कम मालकाला त्याच दिवशी मिळायला हवी. पूर्ण फेड झाल्यावर मूळ कागद तीस दिवसांत द्यायचे, बँकेमुळं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कागद मालकाच्या नावानं सुटतील, ते तुझ्या बँकेकडं जायचं पत्र त्यांच्याकडून आधीच सही करून घे.

आणि भाव पाडायला जाऊ नकोस. माणूस अडलाय हे दिसतंय. एजंटाला मात्र दोन्हीकडून दलाली हवीय, त्याला काय घाई आहे ते तू ओळख.

टोकन अजून दिलं नसशील अशी आशा आहे. शनिवारी येणार असशील तर दुसरा किंवा चौथा शनिवार नको, बँक बंद असते.

तुझी
आई