आपला ‘तांडा’ घाट चढला, ताई

ताई, सप्रेम नमस्कार.

‘तांडा’ हा माझा खेळ मी इच डॉट आयओ या खेळांच्या संकेतस्थळावर टाकला तेव्हा आपली ओळखही नव्हती. फाइल उतरवून घेणारे होते, ‘छान आहे’ म्हणणारेही होते. खेळून पाहिला तो तुम्ही. गणपतीच्या सुट्टीत भाचरं जमवून, मला काही न विचारता, नुसते माझे बारा कागद समोर ठेवून. आणि त्या डावाचं रेकॉर्डिंग मला पाठवलंत. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय ते त्यासाठी.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सातवाहनांच्या काळात कल्याण बंदरात उतरलेला माल घेऊन एक तांडा नाणेघाट चढून जुन्नरला निघालाय. चार-पाच जणांनी सतरंजीवर बसायचं, एकेक पात्र घ्यायचं, पुढे काय करायचं ते बोलून ठरवायचं आणि अडलं की कवड्या टाकायच्या. १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रं घेऊन खेळायचा खेळ आला, त्याच्याच कुळातला हा खेळ. त्यातले वीस बाजूंचे फासे आपल्याकडे सहज मिळत नाहीत, म्हणून मी सहा कवड्या घेतल्या.

रेकॉर्डिंग मी तीनदा ऐकलं. सुरुवातीलाच तुमची भाची विचारते, “मावशी, उताणी म्हणजे कुठली बाजू वर?” बारा पानांत ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. माझ्या घरी डाव मांडला की मी हातात कवडी धरून दाखवायचो, त्यामुळे कधी लक्षातच आलं नाही. मग दोघा मुलांचं त्यावरून वाजलं आणि तुम्ही म्हणालात, “थांबा, कागद काय म्हणतो ते बघू.” पानं उलटल्याचा आवाज येतो, बराच वेळ. तो आवाज मला कुठल्याही अभिप्रायापेक्षा जास्त शिकवून गेला. आता पहिल्याच पानावर दोन कवड्यांचं चित्र आहे, एक उताणी, एक पालथी.

दुसरी गोष्ट हिशेबाची. प्रत्येक कवडी निम्म्या वेळा उताणी पडेल असं मी धरलं होतं. मग सहाच्या सहा उताण्या पडण्याची शक्यता ६४ मध्ये १. तुमच्याकडे त्या एका संध्याकाळी तीनदा पडल्या! कवडी काही नाण्यासारखी सपाट नसते, पाठ फुगीर, पोट चिरलेलं, आणि प्रत्येक घरची कवडी वेगळी. आता डावाआधी आपल्या कवड्या वीसदा टाकून बघायच्या आणि त्यावरून ‘सोपं’ आणि ‘अवघड’ ठरवायचं, असा नियम केलाय. मुलांना तो भाग फार आवडतो.

‘गेम मास्टर’ला, म्हणजे डाव चालवणाऱ्याला, ‘वाटाड्या’ हा शब्दही तुमचाच. मी कितीतरी दिवस शोधत होतो.

खेळ कुणी उचलून आपल्या नावावर खपवेल, ही माझी भीती तुम्ही शांतपणे ऐकून घेतलीत. मग सांगितलंत की ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे पायाभूत नियमसुद्धा जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झालेत. मीही तसंच केलं: नाव द्या आणि हवा तो घाट रचा. किंमतही ऐच्छिक ठेवली, ज्याला जमेल तो देईल. पीडीएफमध्ये ‘खिंड’मधली वेलांटी ख सोडून पुढे पळायची, ती तुम्ही सुचवलेल्या मुक्ता फाँटने आणि नव्याने काढलेल्या फाइलने जागेवर आली. मराठी खेळातलं मराठी फुटकं दिसलं तर वाचणारा पहिल्या पानावरच थांबतो, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

आणि जाहिरात. माझ्या चित्रावर होतं, ‘सहा कवड्या, चार गुण, बारा पानं’. तुम्ही ते खोडून एकच ओळ लिहून पाठवलीत: ‘काल आमच्या भाच्याने जकातीच्या रांजणात आजीचं कडं टाकलं आणि तांडा पुढे सरकला.’ घाटमाथ्यावरचा तो दगडी रांजण पाहिलेल्या प्रत्येकाला ती ओळ भिडली. त्यानंतर पहिल्यांदा अनोळखी लोक कळवू लागले, “आम्ही काल खेळलो.”

नवी आवृत्ती छापून आलीय. भाचीने काढलेला रांजण मुखपृष्ठावर घेतलाय, तिच्या आईची परवानगी घेऊन. एक प्रत आणि पिशवीत सहा कवड्या उद्या टपालाने पाठवतो. पत्ता जुनाच आहे ना, तेवढं कळवा.

तुमचा,
‘तांडा’वाला