'ड्राउझी' म्हणजे गुंगी

महोदय,

गेल्या महिन्यात सर्दीसाठी सेटिरिझिनची गोळी घेऊन माझे यजमान स्कूटरवरून कोथरूडहून स्वारगेटला निघाले आणि नळस्टॉपच्या सिग्नलला त्यांना झापड आली. थोडक्यात निभावलं. पाकिटावर सूचना होती, पण 'ड्राउझीनेस' म्हणजे जराशी सुस्ती, असं त्यांना वाटलं. ३० वर्षं इंग्रजी शिकवलेल्या मला हे फार लागलं. आपल्याकडे किती नेमके शब्द आहेत! भरपेट जेवणानंतर येते ती सुस्ती, बसल्याबसल्या लागते ती डुलकी, अभ्यासाला बसवलेलं पोर पेंगतं आणि औषधाने येते ती गुंगी. औषध दुकानदारांनी गोळी हातात देताना एवढं जरूर सांगावं, "गुंगी येईल, गाडी चालवू नका."

— एक निवृत्त शिक्षिका, कोथरूड, पुणे