स्पेक्ट्रम बाजूला ठेव, वेव्हफॉर्म उघड

नवीन पनवेल

प्रिय सुहास,

तुझ्या स्पेक्ट्रममधला (कोणत्या वारंवारतेला किती ऊर्जा, त्या आलेखातला) तो काही हर्ट्झपासून किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा गोंगाट समजून सोडू नकोस. पृथ्वीच्या चुंबकीय शेपटातल्या अशाच पट्ट्याला पूर्वी 'ब्रॉडबँड नॉइज' म्हणत. 1994 साली मात्सुमोतो यांच्या गटाने जिओटेल उपग्रहाचे वेव्हफॉर्म (काळानुसार क्षेत्राची मूळ नोंद) उलगडले, तर आत सुटे, रेखीव, दुहेरी टोकांचे (एक वर, एक खाली) स्पंद निघाले! अरुंद स्पंदाची ऊर्जा सगळ्या वारंवारतांवर पसरणारच.

आधी विद्युतक्षेत्राचा चुंबकीय क्षेत्राला समांतर घटक काढ. मग स्पंदाच्या दोन टोकांमधला वेळ मोज. समज तो 1 मिलिसेकंद आहे आणि वेग सेकंदाला 2000 किमी; म्हणजे टोकांमध्ये 2 किमी, आणि विभव (पोटेन्शियल) गाउसी, म्हणजे घंटेच्या आकाराचा धरला तर त्याची अर्धी रुंदी L = 1 किमी. क्षेत्राचं टोक मीटरला 10 मिलिव्होल्ट असेल, तर त्याला L ने आणि 1.65 ने गुण: विभव साधारण 16.5 व्होल्ट. इलेक्ट्रॉन 500 इलेक्ट्रॉन-व्होल्टचे आणि घनसेंटिमीटरला 0.5 असतील, तर डिबाय लांबी (ज्या अंतरात प्लाझ्मा प्रभाराचा परिणाम झाकून टाकतो) 235 मीटर. म्हणजे L चार डिबायच्या आसपास, पटण्यासारखा.

खरी कटकट वेगाची. एमएमएसच्या (नासाची चार यानं) प्रत्येक यानावरच्या समोरासमोरच्या लांब प्रोबांमध्ये 120 मीटर अंतर आहे. स्पंद ते 0.06 मिलिसेकंदात ओलांडतो, आणि बर्स्टचे (वेगवान नोंदीचे) नमुने सेकंदाला 8192, म्हणजे दर 0.12 मिलिसेकंदाला एक. विलंब एका नमुन्यातच हरवतो. म्हणून दोन यानं घे: क्षेत्ररेषेवर 10 किमी अंतर असेल तर 5 मिलिसेकंद, 41 नमुने. पण स्पंदांची रांग असली की क्रॉस-कोरिलेशन (दोन नोंदी सरकवून जुळवणं) शेजारच्या स्पंदाला चिकटतं आणि वेग भलताच येतो. त्यापेक्षा एकटा, आकाराने ओळखू येणारा स्पंद निवड. दिशाही नीट बघ. ती उलटली की विभवाचं चिन्ह उलटतं, आणि इलेक्ट्रॉन होलला (इलेक्ट्रॉन कमी असलेली, धन विभवाची जागा) तू आयन होल (तिचा ऋण विभवाचा जोडीदार) म्हणून बसशील.

थंड आयन धरले तर इथे आयन-ध्वनीचा वेग 220 किमीच्या घरात येतो, तेव्हा आयन-ध्वनी सॉलिटॉन (आकार न बदलता धावणारी एकाकी लाट) बाद. उरतात इलेक्ट्रॉन-ध्वनी सॉलिटॉन आणि इलेक्ट्रॉन होल. इथल्या भूचुंबकत्व संस्थेतल्या लखिना आणि सत्यवीर सिंग यांची बहुद्रव सॉलिटॉन मॉडेलं जरूर वाच. कमी उंचीच्या केडीव्ही (कोर्टवेग–डी व्रीस समीकरणाच्या) सॉलिटॉनमध्ये उंची वाढली की रुंदी घटते. होलमध्ये बहुधा दोन्ही सोबत वाढतात. ही कसोटी एका स्पंदावर लावू नकोस, शे-दोनशे जमव. माझा कल होलकडे आहे, पण आकृती तूच काढ, आणि मूळ वेव्हफॉर्मची फाईल मला पाठव.

तुझा,
अनिल