बर्गनला येतेस तर एवढं वाच

बर्गन, नॉर्वे, २६ एप्रिल

प्रिय सुमे,

तीन महिने उत्तर दिलं नाही. कारणं सांगत बसत नाही, तुला ती माहीत आहेत. तब्येत बरी, गोळ्या चालू. आता पुढचं.

वकिलांचं पत्र मलाही आलं. माईंनी देवरुखचं घर आपल्या दोघींच्या नावावर केलंय हे वाचून मी पत्र घडी करून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं. हे फोनवर बोलायचं नाही एवढं मला कळलं. आणि मग काल तुझा तक्ता आला. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ. त्यात ब्रिग्गन म्हणजे धक्क्यावरची जुनी लाकडी घरं, दोन डोंगर, फ्लोमची रेल्वे, दोन फ्यॉर्ड म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाड्या, संगीतकार ग्रीगचं घर आणि खरेदी, प्रत्येकाला वेगळा रंग. सुमे, त्यात बसून बोलायला एकही रकाना नाही. दीड दिवस गाड्यांत आणि उरलेला रांगांत गेला तर तू सोमवारी परत जाशील आणि घर तसंच राहील. मला खरी काळजी आहे ती ह्याची.

शनिवारपासून धरते, तोच सगळ्यात अवघड. तू लिहिलेली फेरी अशी आहे: सकाळी बर्गनहून रेल्वेने व्हॉस, तिथून बसने गुडवांगन, मग बोटीतून दोन तास नेरॉयफ्यॉर्ड, फ्लोमला उतरायचं, फ्लोमच्या रेल्वेने मिर्डाल आणि तिथे गाडी बदलून बर्गन. फ्यॉर्ड अप्रतिम आहे, २००५ पासून जागतिक वारशात आहे. रेल्वेही तशीच: २० किलोमीटरमध्ये समुद्रसपाटीपासून ८६६ मीटर चढते. पण त्यात २० बोगदे आहेत, आणि आपण कोकण रेल्वेची माणसं, बोगद्यांचं अप्रूप आपल्याला कशाला? खरी अडचण बदलायच्या गाड्यांची. प्रत्येक ठिकाणी पुढची गाडी ठरलेल्या वेळी सुटते. एक चुकली की मागची सगळी साखळी घसरते. घरी यायला रात्र. शिवाय तिकीट आधी काढावं लागतं, म्हणजे ढग डोंगराच्या अर्ध्यापर्यंत उतरलेले असले तरी त्याच दिवशी जायचं. ती फेरी पाच दिवस हातात असतील तेव्हा, आणि तेव्हा फ्लोमला मुक्कामच करू.

त्याऐवजी मोस्त्रॉमेनची बोट. मासळीबाजाराला लागूनच्या धक्क्यावरून सुटते, जाऊन-येऊन साडेतीन तास. ओस्टरफ्यॉर्डमधून आत शिरते. शेवटी मोस्त्रॉमेनची चिंचोळी खाडी येते, तिथे बोट अगदी हळू होते आणि काठ दोन्ही बाजूंनी जवळ येतात. मग नाक धबधब्याखाली घालते आणि खलाशी बादलीत पाणी धरतो. बदलायला काही नाही, चुकायला काही नाही, आणि बसायला बाक आहेत. वर डेकवर वारा झोंबतो. वीस मिनिटं वर, वीस मिनिटं आत, असं करायचं.

आता पावसाचं. इथे वर्षाला २,३०० मिलिमीटरच्या वर पडतो. मुंबईत जवळपास तेवढाच, पण तिथे चार महिन्यांत उरकतो. इथे दोनशेहून जास्त दिवस पुरवून पुरवून. एप्रिल ते जून त्यातल्या त्यात कोरडे, म्हणून मेअखेर बरी निवडलीस. पण कोरडा दिवस कुठला ते कुणालाही पंधरा दिवस आधी सांगता येत नाही. म्हणून माझा नियम: वार ठरवायचा नाही. नॉर्वेच्या हवामान खात्याचं 'यर' नावाचं ॲप आहे, ते तासातासाचा अंदाज देतं. आदल्या रात्री नऊला बघायचं आणि मग ठरवायचं. पावसाचा दिवस फ्यॉर्डला, कोरडा डोंगराला. लोक नेमकं उलटं करतात. पावसात धबधबे फुगतात, आपल्या आंबा घाटात श्रावणात फुगतात तसे, आणि बोटीला छप्पर आहे. ढगात डोंगरावर गेलं तर स्वतःची चप्पलसुद्धा दिसायची नाही.

आणि छत्री आणू नकोस. इथे पाऊस आडवा येतो, काड्या उलट्या होतात. रतनगडावर छत्रीवरून आपलं जे झालं ते पुन्हा नको, मीच आधी माघार घेते, पण छत्री नको. आतून लोकरीची पातळ बनियन, मधे फ्लीस, वर टोपीचं रेनजॅकेट, आणि रेनपँट. जीन्स नकोच: सुती कापड भिजलं की अंगाला चिकटतं, वाळत नाही, आणि दहा-बारा अंशांत वाऱ्याने तुझे पाय गार पडतील. बुटांचे तळवे खरबरीत हवेत. इथले दगडी उतार पिढ्यांनी घासून गुळगुळीत केलेत, ओले झाले की शेवाळलेल्या पाखाडीसारखेच.

गुडघ्याचं तू एका ओळीत उरकलंस, मी उरकत नाही. फ्लोयन डोंगरावर आपल्याला जायचंय ती जागा ३२० मीटरवर आहे. सगळे केबलवरच्या रेल्वेने वर जातात आणि चालत उतरतात, आणि दुखऱ्या गुडघ्याला घातक ते उतरणंच. आपण चालत चढू, थांबत थांबत तास-सव्वा तास, आणि उतरताना रेल्वे घेऊ. ८४४ मीटरचा रूळ, सहा-सात मिनिटांत खाली. १९१८ पासून चालू आहे. सकाळी दहा ते दुपारी तीन रांग असते, क्रूझची जहाजं लागली असली तर चौकापर्यंत. म्हणून पाऊस नसेल तर शुक्रवारी संध्याकाळीच जाऊ. तेव्हा इथे साडेदहानंतरही उजेड असतो. वर एक छोटं तळं आहे, आणि मोकळ्या फिरणाऱ्या काश्मिरी शेळ्या. तुला बघून तुझ्या पिशवीकडे येतील, आत चकल्या ठेवू नकोस.

दुसरा डोंगर उल्रिकन, ६४३ मीटर. रोपवेचा पाळणा आहे, पण वारा वाढला की तो बंद करतात, म्हणून निघताना बघूनच निघायचं. उल्रिकन ते फ्लोयन माथ्यावरून चालत जायची तुझी इच्छा ह्या वेळी सोड. पाच-सहा तासांची वाट, मेअखेरही सावलीत बर्फाचे तुकडे आणि मधे दलदल. गुडघा बरा झाला की.

ब्रिग्गनला मात्र मी तुला सकाळी सातला नेणार, जहाजातली माणसं उतरायच्या आत. समोरची रंगीत घरं बघून पुढे जायचं नाही. मधल्या बोळात शिरायचं. पायाखाली फळ्या, वर एकमेकींकडे झुकलेल्या सज्ज्या, माल ओढायच्या कप्प्या, आणि ओल्या लाकडाचा वास. सुमे, माईंच्या माळ्याचा वास. ही घरं १७०२ च्या आगीनंतर जुन्याच पद्धतीने उभारलेली. जर्मन व्यापारी इथे उत्तरेकडचा सुका कॉड साठवायचे. मीठ न लावता, काठ्यांवर टांगून वाऱ्यात वाळवलेला, आपल्या बोंबलासारखा. सगळं लाकूड, म्हणून घरांत चूल पेटवायला बंदी. हिवाळ्यात ऊब आणि गरम जेवण मिळायचं ते मागच्या वेगळ्या सभाघरांत. मारियाच्या चर्चमागे ती सभाघरं आहेत, आत जाता येतं. जाऊच.

आणि एक गोष्ट मुद्दाम दाखवायची आहे. भिंती वाकड्या आहेत, दाराची चौकट एका बाजूला खचलेली. ह्या घरांखाली जमीन नाही, शतकानुशतकं समुद्रात टाकलेला भराव आहे, आणि त्यात जुनी लाकडं. ती पाण्यात बुडालेली असतात तोवर कुजत नाहीत, कारण हवा लागत नाही. शेजारच्या एका बांधकामानंतर भूजल खाली गेलं, हवा आत शिरली, लाकूड कुजायला लागलं आणि घरं खचली. मग पावसाचं पाणी जमिनीत मुरवून भूजलाची पातळी पुन्हा वर आणली. दुरुस्तीही तशीच करतात: वासा पूर्ण बदलत नाहीत, कुजलेला तेवढा भाग कापून त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा खाचेत बसवतात. नवा तुकडा फिकट दिसतो, हात फिरवला की सांधा लागतो. दादा म्हणतो माईंचं घर पाडण्याशिवाय इलाज नाही. तू तो सांधा बघ आणि मग बोलू.

रविवारी बहुतेक दुकानं बंद, तेव्हा खरेदी शनिवारी. वाइनचं सरकारी दुकान शनिवारी दुपारीच बंद होतं. रोख पैसे आणू नकोस, सगळीकडे कार्ड चालतं. पाणी नळाचंच प्यायचं. मासळीबाजारात बघायचं, जेवायचं नाही, फार महाग. मी सुपरमार्केटमधून कॉड आणून सार करते, आणि सकाळी गरम शिलिंग्सबोला, दालचिनीचा गोल पाव. तू मेतकूट आण. बटाटे आणू नकोस, नॉर्वेत आणायला बंदी आहे. ग्रीगचं घर रविवारी दुपारी: ट्रॅमने हॉप, पुढे वीस-पंचवीस मिनिटं चालत. नाही जमलं तर नाही.

ओवीला नवी शाळा मानवली का? दिलीपरावांची नोकरी बदलली हे फार छान झालं. सगळं आल्यावर सांग, इथे जागा संपली.

विमानतळाबाहेर ट्रॅमचा थांबा तिथेच आहे. तिकीट चढायच्या आधी काढ, यंत्रावर किंवा 'स्किस'च्या ॲपवर. आत कंडक्टर नसतो, पण तपासनीस येतो आणि दंड मोठा आहे. पाऊण तासात बीपार्कन, शेवटचा थांबा, मी तिथे उभी असेन. डच रहिवासी कार्ड पासपोर्टसोबत जवळ ठेव. आणि माईंच्या घराचे कागद, सातबारासकट, प्लास्टिकच्या चेनवाल्या पिशवीत घालून आण, नुसत्या फाइलमध्ये नको.

तुझीच,
नलू