बिल कुठल्या टेबलावर आहे, तेवढं सांगा

माननीय अर्थमंत्री,
गोवा राज्य

महोदय,

माझा डिचोलीत मंडप आणि खुर्च्यांचा धंदा आहे. गेल्या डिसेंबरात एका सरकारी कार्यक्रमाला ४०० खुर्च्या दिल्या. चवथ तोंडावर आली, पैसे नाहीत. परवा काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "बिल पास झालंय, बँकेतून यायला वेळ लागतो." हे पत्र त्या एका वाक्यापायी.

तिथंच उभा असताना ड्रायव्हरचा फोन आला, टेम्पोला डिझेल हवं. दोन हजार यूपीआयनं पाठवले. बाईंना माझी फाईल सापडायच्या आत त्याचा मेसेज: "मेळ्ळे," म्हणजे मिळाले.

पूर्वी वेळ लागायचा, मान्य. २००५ साली एनईएफटी, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत गठ्ठ्यानं (बॅचनं) पैसे पाठवायची सोय, सुरू झाली तेव्हा पैसे चोडणच्या फेरीबोटीसारखे जायचे: बोट सुटेपर्यंत धक्क्यावर थांबा. रात्री आणि बँकेच्या सुटीला बोटच नाही. २०१७ मध्ये तासाऐवजी दर अर्ध्या तासानं बॅच सुटू लागली आणि १६ डिसेंबर २०१९ पासून रात्रंदिवस, म्हणजे दिवसाला ४८ फेऱ्या. आरटीजीएस, म्हणजे मोठ्या रकमा पाठवायची सोय, हा तर पूलच. दोन लाखांपासून पुढची प्रत्येक रक्कम एकटी जाते आणि रिझर्व्ह बँकेच्या वहीत तिथल्या तिथं चुकती होते. १४ डिसेंबर २०२० पासून तोही चोवीस तास उघडा. यूपीआयची युक्ती आमच्या पसरकाराची, म्हणजे वाण्याची: गिऱ्हाइकाला माल आत्ता, वहीचा हिशेब मागाहून. समोरची बँक खात्यात लगेच जमा करते, बँकांचं आपसातलं देणंघेणं नंतर मिटतं. यंत्रं सुधारली हे खरंच, पण मुळात धक्क्यावरचं थांबणं गेलं. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेकसुद्धा गठ्ठा साठायची वाट बघत नाही, स्कॅन झाला की पुढं.

चेक सोडून सगळ्यात धिमी वाट धरली, तरी एनईएफटीत बॅच मिटल्यापासून दोन तासांत पैसे जमा व्हायला हवेत, नाहीतर परत जायला हवेत. नियमच आहे. मग माझे पैसे कुठल्या बोटीत बसलेत?

मागणी छोटी आहे. बिल एका टेबलावरून दुसऱ्यावर गेलं की तारखेसह एसएमएस येऊ दे आणि पैसे सुटले की यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेतला ओळख क्रमांक. तो हातात असला की बँकेशी मी भांडेन, तुम्हाला त्रास नाही.

बाईंकडे मी यूटीआर मागितला होता. त्यांनी साहेबांच्या केबिनकडे बोट दाखवलं. साहेब जेवायला गेले होते.

आपला,
डिचोलीचा एक मंडपवाला